पांघरणं, गुंडाळणं, बांधणं : कुठे कुठला शब्द?

गोदाकाठ

परवा नातीला न्हाऊ घालून आणलं. मी मुलीला म्हटलं, "दे इकडे, गुंडाळते तिला." माझी आई खाटेवर बसून होती. तिथूनच म्हणाली, "बाळाला गुंडाळत नाहीत गं. दुपट्यात बांधतात. गुंडाळतात ती सतरंजी."

आई ८१ वर्षांची आहे. दृष्टी अधू झालीय, पण शब्द चुकला की तिच्या कानाला अजून टोचतं. त्या दिवसापासून मी कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर शब्द टिपायला लागले. उशीला अभ्रा, गादीला खोळ, तलवारीला म्यान, पोथीला बासन, विण्याला गवसणी. शाल पांघरायची, पदर लपेटून घ्यायचा, चादर ओढून घ्यायची, अंथरुणाची वळकटी करायची. लिहिता लिहिता लक्षात आलं की माझ्या मुलीच्या तोंडी यातले बहुतेक शब्द नाहीतच. तिच्यासाठी उशीचं कव्हर, गादीचं कव्हर, मोबाईलचं कव्हर आणि सार्वजनिक वाचनालयातून आणलेल्या पुस्तकाचंही कव्हरच. तिला दोष देत नाही. मीच घरात हे शब्द वापरायचे सोडले, तर तिला कुठून येणार?

म्हणून इथे, या मंचावर, विचारतेय. तुमच्या घरात, मळ्यात, कामाच्या ठिकाणी एखादी वस्तू दुसऱ्या वस्तूच्या आत घेतली जाते तेव्हा काय म्हणता? नुसता शब्द नको, तो कशासाठी वापरतात तेही लिहा.

निफाडचा मळेकरी

ताई, आमच्याकडे सगळ्यात जास्त काय झाकलं जात असेल तर द्राक्षाचा घड. त्याला आम्ही 'पेपर लावणं' म्हणतो. 'घड गुंडाळले' असं कुणी म्हटलं, तर तो मळ्यातला माणूस नाही हे लगेच कळतं.

ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो. ऑक्टोबर छाटणीच्या बागेत मण्यात पाणी उतरायची, म्हणजे मणी पिकायला लागायची वेळ येते, तेव्हा आमच्याकडे कडाक्याची थंडी असते. निफाडचा पारा राज्यात सगळ्यात खाली गेल्याच्या बातम्या तुम्ही दरवर्षी वाचताच. रात्री गारठा, दिवसा ऊन, आणि या दोन्हीच्या मधे सापडून पांढऱ्या जातीचे मणी गुलाबी पडतात. खायला काही वाईट नसतात, पण बाहेरदेशी जाणाऱ्या मालात गुलाबी मणी चालत नाही. म्हणून जुन्या वर्तमानपत्राचा कागद घडाभोवती फिरवायचा, वर देठाशी स्टेपलरची पिन मारायची आणि खालचं तोंड उघडं ठेवायचं. हवा खेळायला पाहिजे, नाहीतर आत दमटपणा साठून घड सडतो. एकेका घडाला असं. बायांची टोळी ओळीत शिरली की दिवसभर पिनांची टकटक चालू असते. काढणीच्या दिवशी कागद सोडला की आतून एकसारखा पोपटी घड निघतो. ते बघायला मला अजून आवडतं.

कांद्याचंही सांगतो. तुम्ही घरात 'टरफल' म्हणता, आम्ही 'पत्ती' म्हणतो. डबल पत्तीचा माल म्हटलं की व्यापारी थांबतो. उन्हाळ कांदा कांदाचाळीत चार-पाच महिने निघतो तो या पत्तीच्या जोरावर, लाल कांद्याला ते जमत नाही. पत्ती चांगली यायची तर काढल्यावर तो शेतातच सुकवायला लागतो. त्यातही एका ओळीच्या पातीने दुसऱ्या ओळीचा कांदा झाकत जायचं, म्हणजे ऊन थेट गड्ड्यावर पडत नाही. त्याला आम्ही नुसतं 'पातीखाली ठेवणं' म्हणतो.

तंबोरा

गोदाकाठताई, तुमच्या यादीत 'गवसणी' वाचलं आणि बरं वाटलं. हा शब्द लोकांच्या तोंडी फक्त एका वाक्प्रचारात उरलाय, आणि तिथेही त्याचा अर्थ हरवलाय.

'आकाशाला गवसणी घालणे'. शाळेत मुलांना विचारलं तर सांगतात, आकाशाला हात लावणं, आकाशापर्यंत पोचणं. कुणी तो 'गवसणे', म्हणजे सापडणे, याच्याशी जोडतं. पण गवसणी म्हणजे खोळ. वाद्याची, पालखीची, शस्त्राची, त्या वस्तूच्या मापाने शिवलेली कापडी खोळ. आता वाक्प्रचार पुन्हा वाचा. आकाशाला गवसणी घालायला निघालेला माणूस आकाशापर्यंत उडी मारत नाही. तो आकाशाचं माप घेऊन त्याला पुरेल अशी खोळ शिवायला बसलाय. केवढं मोठं चित्र आहे हे! आणि आपण त्याचं 'उंच जाणं' करून टाकलं.

माझ्याकडे वडिलांचा मिरजेचा तंबोरा आहे. त्याची जुनी गवसणी विरली, तेव्हा भद्रकालीतल्या एका शिंप्याकडे गेलो. त्याने आयुष्यात गवसणी शिवली नव्हती. तंबोरा दुकानात आडवा ठेवला, भोपळ्याच्या घेराला टेप लावला, मग दांडीला, मग खुंट्यांच्या जागी. खुंट्या बाहेर आलेल्या असतात, तिथे कापड ताणलं तर खुंटी फिरते आणि तार सैल होते. म्हणून त्याने तिथे चार बोटं जास्त सोडली. आतून मऊ अस्तर, बाहेरून जाड सुती कापड, वर नाडी. दोन वेळा उसवून शिवली. घालताना भोपळा आधी आत सरकतो आणि मग दांडी उभी राहते. तेव्हा तो म्हणाला, "अंगाबरोबर बसली." ब्लाउजबद्दल म्हणतात तसं. गवसणी आणि पिशवी यांत फरक काय, असं कुणी विचारलं की मला त्याचं हेच वाक्य आठवतं.

वेल्हाळ

तंबोरा, चित्र सुंदर आहे आणि अर्थही बरोबर. पण आज 'अशक्य वाटणारी गोष्ट साधणे' या अर्थाने तो वाक्प्रचार रुळलाय, त्याला चूक म्हणता येणार नाही. शब्द चालत चालत पुढे जातात.

'वेढणं' घ्या. संस्कृत 'वेष्ट्', त्याचं प्राकृतात 'वेढ', त्यावरून आपलं वेढणं आणि वेढा. त्याच धातूचं 'वेष्टन' तसंच्या तसं राहिलं आणि कचेरीत, छापखान्यात जाऊन बसलं. एक भाऊ गावात राबला, एक शहरात शिकला. आज वेष्टनात साबणाची वडी असते आणि वेढ्यात किल्ला.

तंबोरा

मान्य. चूक नाही म्हणत मी. एवढंच वाटतं की वर्गात तो वाक्प्रचार शिकवताना मुलांना एकदा वाद्याची गवसणी दाखवावी. मग त्यांनी कोणत्याही अर्थाने वापरू दे.

मुक्काम पंचवटी

कापडाचा विषय आहे म्हणून बासनाबद्दल थोडं.

बासन म्हणजे पोथी किंवा कागदपत्रं बांधून ठेवायचं चौकोनी फडकं. एखादं प्रकरण मागे टाकलं की 'बासनात गुंडाळलं' म्हणतो आपण, त्यात नाराजी असते. पण बासनात बांधणं हे मुळात जपणं होतं. धूळ, वाळवी, ओल यांपासून. पुण्याच्या पुराभिलेखागारात पेशवे दफ्तराचे कागद ज्या गठ्ठ्यांत आहेत त्यांना 'रुमाल'च म्हणतात. कापडाचं नाव गठ्ठ्याला पडलं.

आमच्या पंचवटीत आणि त्र्यंबकेश्वरी तीर्थोपाध्यायांच्या घरी यजमानांच्या नामावळी असतात. काही वर्षांपूर्वी विदर्भातल्या माझ्या मेहुण्यांना घेऊन त्यांच्या उपाध्यायांकडे गेलो होतो. गुरुजींनी गाव आणि आडनाव विचारलं, आत गेले, एक लाल बासन घेऊन आले. गाठ सोडायच्या आधी त्यावर हात ठेवून दोन क्षण थांबले. मग चारी पदर एकेक करून उलगडले, आधी समोरचा, मग उजवा-डावा, शेवटी स्वतःकडचा. आत वही. तिच्यात मेहुण्यांच्या पणजोबांची सही, मोडीत, शाईचा रंग तपकिरी पडलेला. मेहुणे काही बोलले नाहीत, नुसतं बोट त्या अक्षरांवरून हवेतच फिरवत राहिले. लावलं नाही. वही मिटल्यावर गुरुजींनी पदर उलट्या क्रमाने घातले. मी त्यानंतर 'बासनात गेलं' हे वाईट अर्थाने म्हणायचं सोडलं.

जाता जाता, 'गाशा गुंडाळणे' मधला गाशा म्हणजे खोगिरावर घालायचं कापड. स्वार निघाला की गाशा आवरायचा.

सटाण्याची सून

माझं माहेर मुंबईचं, सासर बागलाणातलं. सासूबाई अहिराणी बोलतात. लग्नानंतरच्या पहिल्या थंडीत पहाटे उठून बाहेर आले, तर त्या म्हणाल्या, "पांघरी ले माय, थंडी शे." मला वाटलं काहीतरी पसरायला सांगताहेत. अहिराणीत आपला 'ळ' बऱ्याचदा 'य' होतो, त्यामुळे 'गुंडाळ'चं 'गुंडाय' ऐकलं की पहिल्यांदा काही कळत नाही. आता मीच माझ्या मुलाला "पांघरी ले" म्हणते.

पण एक गोष्ट मला इथे येऊन कळली. पांघरायला कुणीतरी सांगावं लागतं. आपण आपलं पांघरतो ते झोपताना. दिवसा अंगावर काही घ्यायचं असेल तर बहुतेक वेळा दुसऱ्या कुणाला तरी आपली थंडी दिसलेली असते.

वेल्हाळ

सटाण्याच्या ताई, प्राकृतात 'पंगुरण' असा शब्द आहे, संस्कृत 'प्रावरण'चा. अंगावर घ्यायचं वस्त्र. म्हणजे तुमच्या सासूबाई जे म्हणाल्या ते फार जुनं आहे.

आणि 'लपेटणं' हिंदी आहे म्हणून कुणी खोडायच्या आधी सांगतो, शाल लपेटणं, पदर लपेटणं मराठी घरांत सर्रास आहे. पांघरलेलं सैल असतं, लपेटलेलं अंगासरशी. दोन्ही हवेत.

जुनं नाशिक

अस्सलामु अलैकुम आणि नमस्कार. हा धागा रोज वाचतोय. माझं शिक्षण मराठीत झालं, घरात दखनी बोलतो, त्यामुळे काही शब्द दोन्हीकडून दिसतात.

उशीचा 'अभ्रा' फारसीतून आला. फारसीत 'अब्रा' म्हणजे दुहेरी कपड्याची बाहेरची बाजू, 'अस्तर' म्हणजे आतली. मराठीने दोघांना वेगवेगळी कामं दिली. अब्रा उशीवर गेला, अस्तर कोटात राहिलं. 'गिलाफ' मात्र अरबी, म्हणजे आच्छादन. मराठीत तो 'गलेफ' झाला. पिराला गलेफ चढवायला हिंदू-मुसलमान दोघं येतात आणि दोघं तोच शब्द म्हणतात.

आणि 'लिफाफा'. अरबीत 'लफ्फ' म्हणजे गुंडाळणं, त्यावरून लिफाफा. तुम्ही पत्राचं पाकीट म्हणून ओळखता. आमच्याकडे मयताच्या कफनात पुरुषाला तीन कापडं असतात, कमीस, इजार आणि सगळ्यात बाहेरचा लिफाफा. अब्बांच्या वेळी मी पहिल्यांदा तो हाताने घातला. आधी डावी बाजू आणायची, मग उजवी त्याच्यावर, म्हणजे उजवी वर राहते. डोक्याशी, पायाशी आणि मधे कापडाच्याच पट्टीने बांधायचं, आणि कबरीत ठेवल्यावर त्या गाठी सोडायच्या. चाचा शेजारी उभे राहून सांगत होते आणि मी करत होतो. दुसऱ्या दिवशी पोस्टमनने एक लिफाफा दिला, अब्बांच्या नावाचा. त्या दिवशी तो शब्द मला दोन्ही हातांनी धरावा लागला.

गोदाकाठ

दादा, तुमचं लिहिलेलं मी आईला वाचून दाखवलं. बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "त्यांना सांग, आमच्यातही शेवटचं कापड घरच्यांनीच घालायचं असतं."

रात्रपाळी

मी प्रसूती विभागात परिचारिका आहे. ताईंच्या आईंचा शब्द बरोबर आहे, बाळ 'बांधतात'. पण बांधण्याबद्दल सांगणं माझं काम आहे, म्हणून थोडं विषयांतर.

जुन्या बायका पाय सरळ करून, गुडघे जोडून बाळाला काडीसारखं बांधायच्या. तसं करू नका. कंबरेखाली दुपटं सैल हवं, बाळाला पाय बेडकासारखे दुमडून हलवता आले पाहिजेत. पाय ओढून घट्ट बांधले तर खुब्याचा सांधा नीट बसत नाही. छातीवर दुपट्याच्या आत आपली दोन-तीन बोटं गेली पाहिजेत. बांधलेलं बाळ नेहमी उताणं झोपवायचं, कधीच पालथं नाही. आणि ते कुशीवर वळायची धडपड करायला लागलं की त्या दिवसापासून बांधणं बंद. नाशिकच्या थंडीत लोक एकावर एक तीन दुपटी चढवतात, वर कुंची, वर शाल. बाळाची मान मागून चाचपून बघा. घाम लागला तर एक थर काढा.

सिन्नरची लेक

गाठोड्यांबद्दल कुणीच लिहिलं नाही! माझ्या आजीच्या हिशेबाने, चिमूटभर असेल ती पुडी, आणि ती कागदाची. मूठभर, फडक्यात, वर गाठ मारलेली ती पुरचुंडी. चार कपडे बांधले की गाठोडं. तेच घाईघाईने, कसंही कोंबून बांधलं तर बोचकं. आणि डोक्यावर घ्यायला दुसऱ्याचा हात लागला की मोट. सुदाम्याच्या पोह्यांना कुणी गाठोडं म्हणालं तर आजी चिडायची. "गाठोडंभर पोहे असते तर गेलाच कशाला असता?"

आजी विड्या वळायची. सिन्नरात घरोघरी बायका वळायच्या. तिथे गुंडाळणं नाही, बांधणंही नाही, वळणं. टेंभुर्णीचं पान रात्री ओलं करून फडक्यात ठेवायचं, म्हणजे सकाळी लवचीक होतं. पत्र्याचा तुकडा मापाला ठेवून कात्रीने पान कापायचं, शिरा काढायच्या. डाव्या तळहातावर पान, त्यावर जर्दा, आणि मग दोन्ही अंगठे असे फिरायचे की डोळ्याला फक्त एक हालचाल दिसायची. रुंद तोंड नखाने मुडपायचं, बारीक टोकाशी दोऱ्याचे वेढे. मजुरी हजार विड्यांवर मिळायची. सूप मांडीवर, नजर दारात खेळणाऱ्या आमच्यावर. तिच्या बोटांना तंबाखूचा वास कायम असायचा, आंघोळीनंतरही. शेवटी तिला खोकला फार होता. त्या कामाबद्दल मला हळहळ आहे, पण तिच्या हाताची ती सफाई मी विसरू शकत नाही.

पुरणाचा उंडा

स्वयंपाकघर राहू नये म्हणून : मोदकाला, करंजीला वरची असते ती पारी, कडेला घालायची ती मुरड. पुरण कणकेत भरून गोळा झाला की उंडा. अळूवडीची पानं थरावर थर लावून वळतात. 'आवरण' हा शब्द पाककृतीच्या पुस्तकांत आला, आमच्या घरात आजही पारीच.

वेल्हाळ

एक राहून गेलं. आपण हे सगळे शब्द शोधायला जे उघडतो तो 'कोश'. कोश म्हणजे म्यान, कोश म्हणजे खजिना, कोश म्हणजे रेशमाच्या किड्याने स्वतःभोवती विणलेलं घर. एका कोशातून हजार मीटरच्या आसपास, कधी त्याहून लांब एकच अखंड धागा निघतो. तैत्तिरीय उपनिषदातून आलेली पंचकोशांची कल्पना तर माणसालाच पाच आवरणांत ठेवते. अन्नमय, प्राणमय, मनोमय, विज्ञानमय आणि सगळ्यात आत आनंदमय. आणि दुःख झालेला माणूस 'आपल्या कोशात गेला' म्हणतो आपण. तिथे त्याला कुणी कोंडलेलं नसतं, धागा त्याच्याच तोंडातून निघालेला असतो.

निफाडचा मळेकरी

नको असताना होतं त्याचेही शब्द लिहा कुणीतरी. वेलीचा तंतू तिच्याच कोवळ्या फुटीला 'विळखा' घालतो, तो सोडवावा लागतो. दोऱ्यात पाय 'गुरफटतो'. धुक्यात बाग 'बुडते', आणि त्यानंतर रोगाच्या भीतीने झोप लागत नाही.

मुक्काम पंचवटी

आणि पाणी 'वेढतं'. गंगेला, म्हणजे आमच्या गोदावरीला, पूर आला की आम्ही आकडे विचारत नाही, मारुतीला किती पाणी लागलं ते विचारतो. नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या गुडघ्याला, कंबरेला, छातीला. आधी वेढा पडतो, मग बुडतं. वेढा पडेपर्यंत दुकानातला माल वर चढवायला वेळ असतो. म्हणून आमच्याकडे या दोन शब्दांत गल्लत करून चालत नाही.

गोदाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. कॅलेंडरची मागची बाजू भरली, आता वही केलीय.

काल रात्री आईला 'खोळ' विचारलं. म्हटलं, गादीची ती खोळ ना? म्हणाली, ती एक झाली, दुसरी दाखवते. पेटीतून आजोबांची घोंगडी काढायला लावली. उभी राहिली, मला एक टोक धरायला दिलं, घोंगडी लांबीला दुमडली, वरच्या टोकाचा कोपरा आत मुडपला आणि जे टोपडं तयार झालं ते डोक्यावर घेतलं. पाठ, खांदे, दोन्ही बाजू झाकलेल्या, हात मोकळे. "अशी खोळ घेऊन आम्ही पावसात भात लावायचो," म्हणाली. तिचं माहेर इगतपुरीकडचं, तिथला पाऊस तुम्हाला माहीत आहे. माझी मुलगी बाळाला घेऊन दारात उभी होती. तिने विचारलं, "आजी, परत एकदा कर ना." आईने तीनदा करून दाखवलं. चौथ्यांदा मुलीने केलं.

रात्रपाळीताई, तुमच्या सांगण्याप्रमाणे आता कंबरेखाली सैल बांधतो. आईने आधी नाक मुरडलं, मग बाळाचे पाय हललेले बघितले आणि काही बोलली नाही.

एकच शब्द अडलाय. थंडीत दही लागत नाही म्हणून विरजणाच्या भांड्याभोवती जुनं लुगडं गुंडाळून ते पिठाच्या डब्यात ठेवतात, त्या करण्याला काहीतरी म्हणायचे. आईच्या जिभेवर आहे, पण येत नाहीये. दोन दिवस ती त्याच्यावरच विचार करतेय. कुणाला माहीत आहे का?

सटाण्याची सून

आमच्याकडे 'उबेला ठेवणं' म्हणतात. विचारून बघा त्यांना.

गोदाकाठ

विचारलं. हाच!